डबल सिरिंज इंजेक्टर, नऊ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, पण नळी चोर

लिहिणार नव्हतो. पण गेल्या महिन्यात मानेच्याच अँजिओत, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये, इंजेक्टरच्या बॅटरीने मान टाकली, आणि आता गप्प बसवत नाही.

मी नाशिकला एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, एमआरआय मशीन 1.5 टेस्ला चुंबकाचं. इंजेक्टर म्हणजे स्कॅन चालू असताना कॉन्ट्रास्टचं औषध आणि त्यामागे सलाईन शिरेत ढकलणारं यंत्र; त्याची स्पेसिफिकेशन्स तुम्हाला पाठ असतील, ती सोडतो. ब्रेन ट्यूमरला औषध हाताने दिलं तरी भागतं. कॅरोटिडला, म्हणजे मानेतल्या धमनीला, नाही. औषध धमनीत भरलंय आणि शिरेत अजून उतरलेलं नाही, तेवढ्यात के-स्पेसचा, म्हणजे स्कॅनच्या कच्च्या डेटाचा, मधला भाग उचलायचा. हातात सेकंद मोजकेच. घाई केली तर धमनीच्या कडेने रेघा उठतात. उशीर झाला तर ज्युग्युलर शीर शेजारी उजळून बसते आणि रिपोर्टिंगच्या मॅडमचा फोन येतो.

आता इंजेक्टरपासून पेशंटच्या हातापर्यंतच्या नळीबद्दल. 60 किलोच्या माणसाला किलोमागे 0.2 मिली, म्हणजे नेहमीचं औषध, गॅडोलिनियम, 12 मिली. नळीच्या पोटातच त्याच्या निम्मं मावतं. पहिले तीन महिने मी कंपनीला शिव्या घातल्या. मग कळलं, चूक माझीच होती. नळी औषधाने नाही, सलाईनने भरून घ्यायची आणि औषधामागे 25 मिली सलाईन त्याच वेगाने सोडायचं. जवळजवळ सगळं औषध नसेत जातं. शिव्या मागे घेतल्या.

सगळ्या नाही. दोन नळ्या एकत्र येतात त्या वाय-जोडाच्या अलीकडे, औषधाच्या बाजूला, दीड मिली अडकतंच. तिथे सलाईन पोचत नाही. दिवसाला दोन कॉन्ट्रास्ट केसेस धरा: महिन्याला पंधरा मिलीच्या पाच व्हायल कचऱ्यात! आणि नळी दर पेशंटला नवी, ते वेगळंच.

बॅटरी. टेस्ट बोलसचे, म्हणजे वेळ मोजायला आधी सोडतात त्या औषधाचे, 2 मिली गेले, सलाईन सुरू झालं आणि स्क्रीन काळी. कंपनीचं म्हणणं, बॅटरी कन्झ्युमेबल, वॉरंटीत बसत नाही. सांगितलेल्या दरात जुनी अ‍ॅक्टिव्हा आली असती. इंजिनिअर सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने आला, आमच्या खर्चाने मिसळ खाल्ली, 'बॅटरीच गेलीय' असं सांगितलं आणि संध्याकाळच्या तपोवनने परत गेला. हे मी त्याला फोनवरच सांगितलं होतं.

सर म्हणाले, तोवर हातानेच द्या. एकोणीस दिवस दिलं. सिस्टर कानात बोळे घालून आत, मी काचेबाहेर हात वर करून. सेकंदाला 2 मिलीचा वेग अंगठ्याने सांभाळणं सोपं नाही. त्याहून वाईट म्हणजे थ्री-वे, औषधावरून सलाईनवर न्यायची चावी, फिरवायचा क्षण. औषध संपून सलाईन सुरू होईपर्यंत जी फट पडते, तिथे बोलस, म्हणजे औषधाचा सलग लोट, तुटतो. पाचांतल्या दोन केसेसमध्ये शिरा दिसल्या. सिस्टरचा दोष नाही, तिला दोनच हात. इंजेक्टर हे काम किती गुपचूप करत होता, ते तेव्हा समजलं.

पण मशीनला सगळं येत नाही. औषध महाधमनीच्या कमानीत पोचलं की ट्रिगर मारायचा, म्हणजे स्कॅन सुरू करायचा, तो आपल्याच डोळ्याने. तरुणाला बारा-पंधरा सेकंदांत येतं, हृदय कमजोर असलेल्या आजोबांचं पंचवीस सेकंदांतही येत नाही. आणि टोचायचा हात उजवाच! एका काकांना हॉस्पिटलातून डाव्या हाताला इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सुई-नळी) लावूनच पाठवलं होतं. म्हटलं, कशाला पुन्हा टोचा, चाळीस रुपये वाचतील. डावीकडची शीर कमानीसमोरून आडवी जाते. तिच्यात घट्ट औषध साचलं की सिग्नलच मरतो. डाव्या कॅरोटिडचं मूळ काळं, अरुंद असल्यासारखं. मॅडमनी विचारलं, हात कुठला? दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा बोलावून साधी, औषधाशिवायची टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओ करावी लागली, फुकट. आता उजवा कोपर आणि गुलाबी इंट्राकॅथ, पाठवणाऱ्याने काहीही लावलेलं असो.

नवी बॅटरी आली, मशीन पुन्हा मस्त चाललंय. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा बॅटरीचा कापला, एक नळीचा.

नळीला पूर्ण एक का, म्हणून सरांनी हिशोब मागितला. वाचून म्हणाले, "अरे, 60 किलोच्या पेशंटला पंधराची व्हायल फोडतोस तेव्हा तीन मिली उरतातच की. त्यातलेच दीड नळीत गेले, तर तुझं काय गेलं?"

खरंय. पण ते मी टाकले असते. हे नळीने परस्पर ठेवून घेतले.