कथा लिहून झाली, आता दाखवायची कुणाला?

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांना मुंबईत तोटा नाही. विरार फास्टमध्ये खिडकी मिळाली की मोबाइलवर कथा टंकणारे कितीतरी जण आहेत. अडतं ते पुढे. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिला खर्डा चार-पाच जणांच्या बंद गटात दाखवा, हात फिरवून झालेली कथा खुल्या संकेतस्थळावर टाका आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीच टाकू नका. तिथे मावशी दोन फुलं पाठवणार, आणि कथेतला नवरा म्हणजे आपणच का, हे नवरा विचारणार. त्यापलीकडे हाती काही लागत नाही.

खुल्या जागांपैकी मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, मिसळपाव हे दुसरं २००७ पासून. दोन्हीकडचा वाचक बरेचदा स्वतःही लिहिणारा असतो आणि त्याची नजर बारीक असते. तुमचा नायक चर्चगेटला गाडीत बसून थेट डोंबिवलीला उतरला, तर ‘दादरला गाडी बदलली नाही का?’ असं खाली कुणीतरी विचारणारच. असा तपशील फुकटात तपासून मिळणं ही मोठी सोय आहे. पण बाकीचे प्रतिसाद ‘पुलेशु’ आणि ‘पुभाप्र’ यांवर भागतात, म्हणजे शुभेच्छा मिळतात आणि पुढच्या भागाची वाट पाहिली जाते. मधेच दोघांची ऱ्हस्व-दीर्घावरून जुंपली, की कथा बाजूलाच राहते.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपी या कथा लिहिण्या-वाचण्याच्या ॲपचा बाज वेगळा. तिथे भागांत चालणाऱ्या कथा जास्त वाचल्या जातात, वाचक तारे देतात, समीक्षा लिहितात. पहिल्या भागाची वाचनं आणि पाचव्या भागाची वाचनं ताडून पाहिली, की लोक कुठे गळले ते कळतं. का गळले, हे मात्र तुमचं तुम्हीच शोधायचं. रोज एक भाग टाकायचा उत्साह असेल तर ही जागा चांगली. एकच दीर्घकथा महिनोन्‌महिने घासणाऱ्याने तिथे फार आशा ठेवू नये.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नाव कापून फॉरवर्ड झालेल्या मजकुरामागे धावणार कोण? त्याहून जवळचा प्रश्न दिवाळी अंकांचा. बरेच अंक आणि स्पर्धा ‘अप्रकाशित साहित्य’ मागतात, आणि खुल्या संकेतस्थळावर टाकलेली कथा अनेकांच्या लेखी प्रकाशित झालेली असते. अंकाला पाठवायची असेल तर आधी नियम वाचा.

संपादकाकडून शिकायचं म्हणाल, तर तीही वाट मुंबईत एकेकाळी होती. गिरगावातल्या खटाववाडीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ मासिकाच्या नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, कथा पुन्हा लिहून मागायचे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली. आज बहुतेक अंकांकडून नकारसुद्धा येत नाही. मानधन देऊन संपादक गाठता येतो, पण तो खर्च पुस्तक काढायचं ठरल्यावर करावा. हौसेच्या पहिल्या दहा कथांवर नको.

राहिला बंद गट. जमवायला त्रास पडतो, पण कथा सुधारते ती इथेच. चार ते सहा जण, महिन्यातून एकदा, एका वेळी दोघांचंच लेखन, प्रत्येकी दीड-दोन हजार शब्द. मजकूर आठवडाभर आधी गूगल डॉक्समध्ये, आणि इतरांना फक्त टिप्पणीची परवानगी. नाहीतर कुणीतरी प्रेमाने तुमचं वाक्यच बदलून ठेवतं. लेखकाने वर दोन नेमके प्रश्न लिहायचे. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच येणार. ‘सासूबाईंना चिठ्ठी सापडली हे कुठे लक्षात आलं?’ असं विचारलं, की समासात उत्तरं येतात: ‘मला वाटलं त्या अजून गावी आहेत’, ‘चिठ्ठी डब्यात होती ना, मग उशीखाली कशी गेली?’ असल्या दोन ओळींवर अख्खं पान नव्याने लिहिता येतं.

आणखी एक पथ्य: चर्चेत लेखकाने शेवटपर्यंत गप्प बसायचं. आपल्याकडे हे फार जड जातं. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ सुरू झालं, की समोरचे संकोचून मान डोलावतात. कवींना कथेच्या गटात घ्यावं का, यावर माझं मत आहे, पण ते इथे लिहिलं तर भांडणं होतील.

असा गट मिळतो कुठे? बहुधा त्या खुल्या जागांवरच. तुमच्या कथेखाली ज्याने लांबलचक, मुद्देसूद आणि जरा झोंबणारं लिहिलं असेल, त्याला व्यक्तिगत निरोप पाठवा. रात्री साडेनवानंतर गूगल मीटवर सगळ्यांना जमतं. प्रत्यक्ष भेटायचं तर दादर बरं पडतं, पश्चिम आणि मध्य दोन्हीकडच्यांना सोयीचं. चेंबूर-वाशीकडचे कुर्ल्याला बदलून येतात. फक्त रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक बघून घ्या.