ट्रिपेल की डबल आयपीए? टॅपवरची स्ट्राँग बिअर निवडताना

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली (हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरूनच आलं आहे) आणि टॅपवरच्या ताज्या बिअरची ओळख हळूहळू वाढत गेली. आता ब्रुअरीच्या फळ्यावर व्हीट बिअरच्या खाली एखाद-दुसरं जड नावही दिसतं. ते बरेचदा बेल्जियन ट्रिपेल किंवा डबल आयपीएचं (इंडिया पेल एल या कडवट बिअरचा जास्त जोरदार प्रकार) असतं आणि समोर ७.५ किंवा ८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. भारतीय मानकानुसार ५ टक्क्यांच्या वर आणि ८ पर्यंतची बिअर स्ट्राँग. म्हणजे दोन्ही एकाच पट्ट्यात येतात आणि आकड्यावरून निवड होत नाही. विचारायचे प्रश्न दोनच: केग (टॅपला जोडलेलं बिअरचं पिंप) कधी भरला, आणि सोबत काय खाणार?

ट्रिपेलचा आदर्श म्हणजे बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची ९.५ टक्क्यांची सोनेरी बिअर. आंबवायच्या एकूण साखरेत साधारण १० ते २० टक्के साधी साखर असते. यीस्ट ती पूर्ण संपवतं, म्हणून इतकी जड असूनही ती जिभेवर कोरडी उतरते. पिकलेलं केळं, पेअर, लवंग, मिरी हे वास मुख्यतः यीस्टचे असतात, त्यासाठी मसाला घालावा लागत नाही. कडवटपणा २० ते ४० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), म्हणजे बेताचा.

ती बिघडते आंबवताना. यीस्ट १८ अंशांवर सोडून तापमान हळूहळू २२-२४ पर्यंत चढू द्यायचं असतं. सुरुवातीलाच टाकी तापली की उग्र अल्कोहोल तयार होतात. घोटाबरोबर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला आणि घशात चटका बसला, तर तो जोर नाही, दोष आहे. ग्लास परत करावा. दुसरा दोष चिकट गोडीचा: यीस्ट अर्ध्यात थकलं आणि साखर उरली. चांगल्या ट्रिपेलची शेवटची घनता (आंबवणं संपल्यावर, पाण्याच्या तुलनेत) १.००८ ते १.०१४ असते, ब्रुअरला विचारलं तर तो आनंदाने सांगेल.

डबल आयपीए हा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा खेळ. ६० ते १०० आयबीयू, आणि आंबवणं संपत आल्यावर दर लिटरला ८-१० ग्रॅम किंवा त्याहून जास्त हॉप्स वरून टाकलेले. आंबा, संत्र्याची साल, चीडाची राळ असे वास ग्लास नाकाशी नेण्याआधीच येतात. पण हे वास फार नाजूक असतात. केग थंड ठेवला तरी तीन-चार आठवड्यांनी ते उतरू लागतात, आणि भरताना हवा शिरली असेल तर त्याही आधी. मग रंग तपकिरीकडे झुकतो, फळाच्या जागी मधासारखी गोडी येते आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. लोण्याचा वास आला तर टॅपची नळी अस्वच्छ आहे किंवा हॉप्स टाकल्यावर यीस्टला पुरेसा वेळ दिलेला नाही. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली जड साखर फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि त्यात डायअसिटिल हे लोण्याच्या वासाचं द्रव्य तयार होतं.

म्हणूनच फळ्यावर तारीख नसेल आणि वेटरलाही सांगता येत नसेल, तर ट्रिपेल घ्यावी. महिना-दीड महिना तिला फारसा बाधत नाही.

दोन्ही चाखायच्या असतील तर १००-१५० मिलीचे नमुने मागवा. आधी ट्रिपेल, मग आयपीए. उलट केलं तर कडवटपणा जिभेवर बसतो आणि ट्रिपेल नुसती गोड लागते. बर्फाळ ग्लास नको. टॅपवरून ४-५ अंशांवर आलेली बिअर दहा मिनिटं तशीच ठेवा. ८ ते १२ अंशांत ट्रिपेल खुलते, आयपीएला ७-८ पुरे. ग्लासच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तर तो नीट धुतलेला नाही, बदलून घ्या. मध्ये पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. मसाला शेंगदाणे नंतर.

जेवणाबाबत आमचं मत ठाम आहे. ठेचा, कोल्हापुरी रस्सा, तिखट सुकं यांच्यासोबत डबल आयपीए नको. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि त्या आगीत हॉप्सचा वासही हरवतो. तिला जुनं चीज, तळलेले बटाटे, कमी तिखट कबाब मानवतात. ट्रिपेलचा बेत सोपा: रवा लावून तळलेली सुरमई, कोळंबी, अगदी कोथिंबीर वडीसुद्धा. तिखट फार असेल तर मात्र तीही टाळावी.

प्रमाणाचा हिशोब आधीच करावा. ८ टक्क्यांच्या ३३० मिलीत २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ५०० मिलीत २५. म्हणजे हा छोटा ग्लास नेहमीच्या मोठ्या ग्लासाहून काकणभर जड आहे, आणि ट्रिपेल कोरडी असल्यामुळे ते जाणवत नाही. एक ग्लास, सावकाश, पोटात काही असताना, आणि परत जाताना गाडी दुसऱ्याने चालवायची.

ग्राउलरमध्ये (टॅपवरून भरून न्यायच्या मोठ्या बाटलीत) घरी न्यायची असेल तर ट्रिपेलच न्या. बाटली काठोकाठ भरून घ्या, उभी आणि फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत उघडा आणि उघडल्यावर त्याच संध्याकाळी संपवा. म्हणजे दोन लिटरची नेली तर प्यायला सहाजण हवेत. डबल आयपीए टॅपसमोर बसूनच प्यावी.