तीन गाइडबुकं, एक हिवाळा

डिसेंबरात झुरिकमध्ये ऑफ-पीस्ट स्कीइंगची (म्हणजे आखलेले, तयार केलेले स्की-मार्ग, अर्थात पीस्ट, सोडून मोकळ्या उतारांवर) तीन गाइडबुकं घेतली. आता एप्रिल संपला, स्की धुऊन-पुसून माळ्यावर गेल्या, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिलं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. स्वच्छ उन्हातले फोटो आणि त्यावर ओढलेली लाल रेघ. घरी सोफ्यावर बसून बघताना हात शिवशिवतात. पण स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाटला 2961 मीटरच्या गेम्सश्टॉक शिखरावर ढगात उभं राहिल्यावर ती रेघ काय कामाची? सह्याद्रीत वाट चुकली तर "मामा, गडावर कुठनं जायचं?" म्हणून विचारायला कोणीतरी भेटतं. इथे मामा नाही.

दुसरं खिशात मावेल एवढं, जर्मनमधलं, दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं रूक्ष. पाच महिने वापरलं ते हेच. प्रत्येक मार्गाला उताराचं तोंड कुठल्या दिशेला, सर्वांत तीव्र टप्पा किती अंशांचा, सुरुवात किती उंचीवर, हे पहिल्याच ओळीत. हिवाळ्यात दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन संध्याकाळी 5 आणि सकाळी 8 ला येतं, तेही हीच भाषा बोलतं: धोका पाचपैकी किती, कुठल्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर.

फेब्रुवारीत एंगेलबेर्गला लाउब नावाच्या ऑफ-पीस्ट उतारावरून उतरायचं ठरलं होतं. हजार मीटरहून जास्त सलग उतार, त्यातला बराचसा 30 अंशांच्या पुढचा. सकाळच्या बुलेटिनमध्ये पातळी 3, वायव्य ते ईशान्य, 2000 मीटरच्या वर. पुस्तकातली ओळ शेजारी धरली, सगळं तंतोतंत जुळलं. मग काय, पीस्टवरच दिवस काढला. सोबतचे दोघे जेवेपर्यंत फुगून बसले होते. फोटोवाल्या पुस्तकात हीच जागा अर्ध्या पानभर आहे, पण दिशेचा पत्ता नाही.

या दुसऱ्या पुस्तकाच्याही खोड्या आहेतच. शिलाईऐवजी डिंक, त्यामुळे थंडीत पानं सुटली. वन्यप्राण्यांसाठी हिवाळ्यात बंद असलेले पट्टे दाखवलेले नाहीत, आणि तिथे शिरलं तर दंड होतो. ते पट्टे आणि 30 अंशांवरचे उतार मी स्विसटोपोच्या (स्विस सरकारचं नकाशा-खातं) फुकट नकाशावर बघतो. निघण्याआधी त्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स जॅकेटच्या आतल्या खिशात, कारण उणे पंधरात फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही.

तिसरं फ्रान्समधल्या शामोनीचं, जुन्या बाजारातलं. स्वस्त पडलं म्हणून खूश होतो. व्हॅली ब्लांश या हिमनदीवरच्या ऑफ-पीस्ट मार्गाच्या शेवटी मेर द ग्लास हिमनदीवरून वर माँतेनव्हेर स्टेशनला पायऱ्या चढून यायचं, त्याचं वर्णन त्यात आहे. पण हिमनदी दरवर्षी खाली बसते, पायऱ्या वाढवत वाढवत पाचशेच्या वर गेल्या आणि 2024 मध्ये तिथे नवी गोंडोला (केबिनची दोरवाट) आली. पुस्तकाला यातलं काहीच ठाऊक नाही. हिमनदीवरचे मार्ग असतील तर जुनी आवृत्ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि आवृत्ती कितीही नवी असो, तिथल्या भेगांसाठी आम्ही गाइडच घेतला.

फोटोवालं पुस्तक सासूबाईंना फार आवडलं. परवा त्यांच्याबरोबर पुण्याला गेलं.