लांब राइडला सोबत काय घ्यायचं : ट्यूब की प्लग, पंप की काडतूस, पाठीवर की फ्रेमवर?

पुण्याहून खानापूर, पाबे घाट, वेल्हे आणि पुढे केळदचा मढे घाट. रस्त्याने जा नाहीतर मधल्या बैलगाडीच्या वाटांनी, वेल्हे गाव मागे पडलं की सायकलचं सुटं सामान मिळेल ही आशा सोडून द्यायची. त्यामुळे पिशवी भरताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: माउंटन बाइक चालेनाशी झाली, तर मदत मिळेपर्यंत किती तास चालावं लागेल? अर्ध्या तासाच्या आत असेल तर एक ट्यूब, पंप आणि मल्टिटूल पुरतं. दोन तासांच्या वर असेल तर खालचं सगळं वाचा.

ट्यूब की ट्यूबलेस

आपल्याकडे याचा निकाल बाभळीचा काटा लावतो. ट्यूबलेस म्हणजे बिनट्यूबच्या टायरमध्ये सीलंट (आत ओतलेला भोक बुजवणारा द्रव) ताजं असेल तर काट्याचं भोक जिथल्या तिथे बुजतं, आणि बऱ्याचदा काटा लागल्याचं घरी येऊन टायर धुतानाच कळतं. नुसत्या काट्यांचा विचार केला तर ट्यूबलेसला तोड नाही. पण सीलंट सुकतं. मार्च ते मेच्या उन्हात तर दोन-तीन महिन्यांत आत नुसते रबराचे गोळे उरतात. टायर हलवून आत पातळ काही डुचमळतंय का ते ऐका. आवाज नसेल तर तुमच्याकडे ट्यूबलेस असून नसल्यासारखी आहे.

भोक मोठं असेल तर प्लग. दाभणासारख्या टोच्याने रबरी वात आत खुपसायची, हवा भरायची आणि निघायचं. दोन मिनिटांचं काम, चाकही काढावं लागत नाही. मात्र काळ्या फत्तराच्या धारेने टायरची बाजू चिरली तर प्लग टिकत नाही. मग आतून जुन्या टायरचा बोटभर तुकडा लावून ट्यूबच घालावी लागते. म्हणून ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब जवळ ठेवावीच, यात माझ्याकडून सूट नाही.

ट्यूबवर चालवणाऱ्यांना एक जादा ट्यूब पुरत नाही. हे मी केळदच्या अलीकडे एका भातखाचराच्या बांधावर शिकलो. पुढचं चाक बसलं, मी घाईने ट्यूब बदलली, हवा भरली, आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही गेली. काट्याचं टोक मोडून टायरच्या रबरातच अडकलं होतं. बाहेरून दिसत नव्हतं, आणि आत बोट फिरवायचं मी विसरलो होतो. शेवटी गळ्यातला पंचा टायरच्या आतून फिरवला. एका जागी त्याचा धागा अडकला, तिथे तांदळाच्या कणीएवढं काळं टोक होतं. तेव्हापासून आधी पंचा फिरवायचा, मगच नवीन ट्यूब.

तर ट्यूबवाल्यांसाठी दोन ट्यूब आणि पंक्चर किट. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, त्यामुळे निघण्याआधी दाबून बघा. पॅच लावताना सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्यावर पॅच दाबला की तो सुटतोच. पावसाळ्यात ट्यूब कोरडी करणंच अवघड, तेव्हा वाटेत ट्यूब बदला आणि पॅच घरी लावा.

हल्ली टीपीयूच्या (एक प्रकारच्या लवचिक प्लास्टिकच्या) पातळ ट्यूबही मिळतात. साधी २९ची (२९ इंची चाकाची) ट्यूब २०० ग्रॅमच्या आसपास भरते, ही १०० ग्रॅमच्या आत असते आणि मुठीत मावते. पण महाग आहे आणि तिला नेहमीचं सोल्यूशन चालत नाही, तिचे पॅच वेगळे. ट्यूबलेसवाल्याने अडीअडचणीला ठेवायला ती उत्तम, रोज ट्यूबवर चालवणाऱ्याने साधीच घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्या चाकाला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्याची नळी बसत नाही, पितळी ॲडॅप्टर लागतो. नखाएवढी वस्तू आहे, ती किटच्या डबीतच टाकून ठेवा. गावातल्या दुकानात २९ची ट्यूब बहुधा नसते. २७.५ची मिळाली तर ताणून २९मध्ये घालता येते, घरी पोचण्यापुरती चालते.

पंप की काडतूस

सीओटूचं काडतूस, म्हणजे दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी, क्षणात हवा भरतं आणि भर उन्हात तो मोठा दिलासा असतो. पण १६ ग्रॅमच्या एका काडतुसात २९च्या रुंद टायरला जेमतेम २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) मिळतात. एवढ्या रुंद टायरला २५ ग्रॅमचं हवं. त्यात व्हॉल्व नीट बसला नाही तर सगळा गॅस फुस्स होऊन संपतो, दुसरी संधी नाही. हा वायू रबरातून लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चाक मऊ लागतं. काही सीलंटची तर त्याने गुठळी होते.

पंपाला शे-दोनशे हात मारावे लागतात, पण तो कधी संपत नाही. वरच्या दोन फसलेल्या ट्यूबच्या प्रसंगी माझ्याकडे नुसतं काडतूस असतं तर मी संध्याकाळपर्यंत चालतच राहिलो असतो. पंप हवाच, काडतूस हौसेला. पंप घेताना जाड नळीचा, जास्त हवा देणारा घ्या. रोड बाइकचा बारीक पंप या टायरला फार वेळ खातो.

चेन, हँगर, ब्रेक

इथे वजन नगण्य आहे आणि फायदा प्रचंड, म्हणून तुलना लवकर संपते. तुमच्या गिअरला जुळणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, घ्या. ९, १०, ११, १२ स्पीडच्या लिंका वेगवेगळ्या असतात, मित्राची चालेलच असं नाही. मल्टिटूलवर चेन तोडायची सोय आहे ना ते बघा.

जादा केबल किंवा स्पोक आणि हँगर यांतलं एकच घ्यायचं झालं तर डोळे मिटून हँगर घ्या. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी. दगडावर आपटलं की आधी तीच वाकते किंवा मोडते, तशीच बनवलेली असते. प्रत्येक फ्रेमची वेगळी असल्याने ऐनवेळी दुकानात मिळत नाही. २०१९ पासून स्रॅम कंपनीचा यूडीएच हा सगळ्यांना चालेलसा एकच हँगर बऱ्याच फ्रेमवर येऊ लागला आणि काम सोपं झालं, पण आपली फ्रेम त्यातली आहे का ते आधी तपासा. तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकला टेपने गुंडाळून चालवता येतो, तुटलेल्या हँगरवर चेन आखूड करून एकाच गिअरवर यावं लागतं. तेही मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवरच धड जमतं.

पावसाळ्यात ब्रेक पॅडची एक जोडी नक्की घ्या. रेझिनचे पॅड चिखल-पाण्यात फार लवकर झिजतात. धातूचे जास्त टिकतात, पण डिस्कवर फक्त रेझिनची सूचना कोरलेली असेल तर ते घालू नका.

पाणी आणि खाणं

दोन बाटल्या फ्रेमला लावल्या तर दीड लिटरच्या आत पाणी होतं. ऊन असेल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, म्हणजे दोन-अडीच तासांची बेगमी. पाठीवरची दोन-तीन लिटरची पाण्याची पिशवी इथे सरस, कारण खडबडीत वाटेवर हात न सोडता पिता येतं. तिच्यात मात्र साधं पाणीच भरा, साखरेने नळी आतून बुरसते. ओआरएस बाटलीत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरला असतं, अर्ध्या बाटलीत अख्खं ओतू नका.

जेल आणि चिक्कीत मी चिक्कीच्या बाजूचा. जेल चढावर पटकन लागू पडतं हे खरं, पण सहा-सात तासांच्या राइडला पोटाला काहीतरी चावलेलं लागतं. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाच्या दशम्या, आणि उन्हात सारखा घाम जात असेल तर मिठाचे शेंगदाणे. केळी पिशवीत सगळ्यात वर ठेवा नाहीतर घरीच खाऊन निघा.

पाठीवर की फ्रेमवर

अवजारं फ्रेमच्या पिशवीत, पाणी आणि खाणं पाठीवर, ही माझी वाटणी. सगळंच पाठीवर घेतलं तर चौथ्या तासाला खांदे बोलायला लागतात, आणि मल्टिटूल खिशात ठेवून पडलात तर ते मणक्यात रुततं. सीटखालची पिशवी स्वस्त आणि सोयीची, पण मागे सस्पेन्शन असेल तर दणक्याला टायर तिला घासतो, हे एकदा सायकल दाबून बघा.

चौघं मिळून जाणार असाल तर पंप, प्लग, प्रथमोपचाराची पेटी वाटून घ्या. ट्यूब, हँगर, लिंक आणि पॅड मात्र ज्याचे त्याच्याकडेच हवेत. आणि पंप ज्याच्याकडे असेल त्याला सगळ्यात मागे ठेवा. तो पुढे निघून गेला की पंक्चर झालेला मागे एकटाच उभा राहतो, आणि त्या घाटात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते.