भारत-नेपाळच्या सोनौली बॉर्डरवर गाडीच्या भंसारमध्ये (नेपाळच्या कस्टममध्ये) आम्हाला कसं लुटलं – लुंबिनीला जाणाऱ्या नागपूरकरांनी वाचून ठेवा

आपल्या नागपुरातून दरवर्षी किती लोक सारनाथ, बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीला जातात हे दीक्षाभूमीच्या गावात वेगळं सांगायला नको. कोणी ट्रॅव्हल्सच्या बसनं जातं, कोणी नातेवाईक मिळून स्वतःची गाडी काढतं, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी ही आयुष्यात एकदाच होणारी यात्रा असते, बायकांनी भिशीतून पैसे जमवलेले असतात. म्हणून आमच्यासोबत बॉर्डरवर जे झालं ते थोडं लांब झालं तरी सगळं लिहून राहिलो, कारण नेमका कुठं पैसा खाल्ला जातो हे कळल्याशिवाय सावध कसं व्हायचं हेही कळत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही निघालो. मी, दादा, वहिनी, आई आणि मावशी. जबलपूर, रीवा, प्रयागराज, मग सारनाथ, मग गोरखपूरला मुक्काम करून कुशीनगर, इथपर्यंत सगळं मस्त झालं. गोरखपूरहून सोनौलीकडं जाताना नौतनवा ओलांडलं की रस्त्याच्या कडेला ट्रकांची लाईनच लाईन लागते, त्या लाईनीला लागून आमची गाडी हळूहळू सरकत होती तर एक पोरगा बाईकवर आला, एमएच ४९ ची प्लेट बघितली आणि दादाच्या बाजूची काच ठोकली. "नागपूर से? लुंबिनी जाना है ना? लाइन में रहोगे तो आज एंट्री नहीं होगी, नेपाल का टाइम पंद्रह मिनट आगे चलता है, काउंटर बंद हो जाएगा." आता नेपाळची वेळ पंधरा मिनिटं पुढं आहे हे खरंच आहे. या लोकांची पद्धतच अशी, दहातली सात वाक्यं खरी बोलतात आणि त्या खऱ्याच्या आधारानं बाकीची तीन खपवतात.

त्यानं आम्हाला मेन रोड सोडून आतल्या गल्लीत एका दुकानावर नेलं. टूर अँड ट्रॅव्हल्सचा बोर्ड, भिंतीवर पशुपतीनाथ आणि बुद्धाचा मोठा फोटो, आई-मावशीला लगेच प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, "माताजी पाँव उठाके बैठिए". आतला माणूस वयानं मोठा आणि बोलायला एकदम नरम. त्यानं गाडीची आरसी, दादाचं लायसन्स, सगळ्यांचे वोटर कार्ड मागितले आणि सगळं ओरिजिनल त्या पोराच्या हातात देऊन त्याला पाठवून दिलं. दादा म्हणाला मी येतो सोबत, तर म्हणे "अंदर सिर्फ एजेंट को जाने देते हैं." हे साफ खोटं आहे. गाडी चालवणारा स्वतः काउंटरवर जाऊन फॉर्म भरून पैसे भरू शकतो, कितीतरी लोक रोज भरतात, एजंट पाहिजेच असा काहीच नियम नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ही मोकळीक आहे. पण भारतीय नंबरची गाडी न्यायची असेल तर नेपाळच्या कस्टमकडं, ज्याला तिथं सगळे भंसार म्हणतात, दिवसाच्या हिशोबानं पैसे भरून पावती घ्यावी लागते. जितके दिवस गाडी आत राहणार तितक्या दिवसांचे पैसे. आणि सगळा खेळ याच दिवसांवर आहे.

आम्ही आठवड्याचं भंसार सांगितलं, लुंबिनी आणि मग पोखरा असा प्लॅन होता. त्यानं भंसारचे, परमिटचे, पोलीस एंट्रीचे, आणि आणखी कसले कसले मिळून एक मोठा आकडा सांगितला. दादा घासाघीस करायला लागला तेवढ्यात त्यानं विषय बदलला, "पाँच सौ के नोट कितने हैं आपके पास? उधर पकडे गए तो गाडी अंदर, आप भी अंदर." आई घाबरलीच. मावशी म्हणे, "बावा, दे जे मांगते ते, कुठी जेलात जाच्या गोष्टी करून राहिला." नेपाळनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणजे हेही त्यानं हवेतून काढलं नव्हतं, पण ती भीती त्यानं बरोब्बर घासाघिशीच्या वेळी काढली आणि त्याच टेबलावर आमच्या पाचशेच्या नोटा घेऊन नेपाळी रुपये दिले ते दीडच्या भावानं. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, रोज वर-खाली होत नाही. "आज रेट गिरा है" असं तिथं कोणी म्हणालं तर तो माणूस खोटं बोलून राहिला हे तिथल्या तिथं समजून घ्या. शंभरवर दहा नेपाळी रुपये गेले, ऐकायला कमी वाटतं, पण सगळ्या ट्रिपचा पैसा बदलला की आकडा मोठा होतो.

अर्ध्या-पाऊण तासानं पोरगा परत आला. पावतीचा कागद त्यानं आरसीच्या झेरॉक्ससोबत स्टेपल करून आणला होता, आणि घडी अशी की वर फक्त गाडीचा नंबर दिसेल, खालचा भाग आत दुमडलेला आणि त्यावरून आडव्या दोन पिना मारलेल्या. "इसको खोलना मत, ऐसे ही दिखाना, फट गया तो नया बनाना पडेगा." ही घडी माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. मागून विचार केला तर त्या घडीसाठीच तो स्टेपलर खिशात ठेवून फिरत असणार. अंधार पडत आला होता, मागं गाड्यांचे हॉर्न चालू, आम्ही गेट ओलांडून नेपाळच्या बाजूच्या बेलहियात शिरलो, कोणी कागद नीट बघितलाही नाही, आणि भैरहवा पार करून लुंबिनीला पोचलो.

लुंबिनीबद्दल लिहायला लागलो तर वेगळा लेख होईल. मायादेवी मंदिर, अशोकाचा स्तंभ, पुष्करिणी, आई तिथं कितीतरी वेळ नुसती बसून होती. त्या जागेला अर्थातच या सगळ्याचा काही डाग नाही.

नंतर आम्ही बुटवलवरून पोखऱ्याच्या रस्त्याला लागलो. सगळा घाटाचा रस्ता. पाल्पाच्या अलीकडं ट्रॅफिक पोलिसानं गाडी थांबवली, कागद मागितला, आणि पहिलं काम काय केलं तर त्या पिना नखानं काढून घडी उघडली. वाचला, दादाकडं बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "आपका भंसार तो खत्म हो गया." आम्ही म्हणालो साहेब आठवड्याचं आहे, पैसे भरलेत. त्यानं बोट ठेवून दाखवलं, पावती फक्त दोन दिवसांची. आठवड्याचे पैसे घेतले, भरले दोन दिवसांचे, बाकीचे खिशात.

आता कोणी म्हणेल आकडे तर देवनागरीत असतात, मराठी माणसाला वाचता येतात. येतात ना, तिथंच तर गंमत नाही, घात आहे. आमच्या पावतीवरची तारीख विक्रम संवताची होती. तिथलं साल २०८१, महिना कार्तिक. आणि त्यांचा कार्तिक आपल्या कॅलेंडरमधला कार्तिक नाही. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, नवीन वर्ष एप्रिलच्या मध्याला लागतं आणि कार्तिक ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास सुरू होतो. आपल्याकडं तो दिवाळी पाडव्याला लागतो. म्हणजे आपल्याकडं कार्तिक नुकता लागला होता आणि तिथं निम्म्याच्या वर उलटून गेला होता. घडी उघडून कोणी वाचलं असतं तरी कार्तिक आणि पुढचा आकडा बघून आज कोणती तारीख आणि संपते कधी याचा काहीच पत्ता लागला नसता. फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. घडी हा त्याचा पहिला पडदा, कॅलेंडर हा दुसरा.

तो पोलीस चांगला होता, हे आवर्जून सांगतो. त्यानं गाडी अडकवली नाही, पण पुढं गेलात तर प्रत्येक चेकिंगला अडाल आणि दिवस वाढत जातील, मागं जाऊन भंसारला मिटवा असं सांगितलं. म्हणून आम्ही घाटातूनच गाडी वळवली. पोखरा राहिलं, फेवा तलाव राहिला. वहिनीनं महिनाभर आधी हॉटेल बुक केलं होतं ते पैसेही बुडाले. आणि त्या एजंटला फोन लावावा तर आपलं सिम तिथं रोमिंगशिवाय चालत नाही, हॉटेलच्या वायफायवरून मेसेज टाकला तर दोन टिक आल्या आणि मग ब्लॉक.

बेलहियाच्या भंसार ऑफिसात आम्ही जास्तीच्या दिवसांचे पैसे आणि वर दंड भरला. तिथल्या कर्मचाऱ्यानं पावती समोर ठेवून शांतपणे समजावलं, शिरलेला दिवससुद्धा धरतात, संध्याकाळी शिरलात तरी एक दिवस गेला, आणि दिवस वाढवायचे असतील तर मुदत संपायच्या आत येऊन पैसे भरायचे, मग दंडाचा प्रश्नच येत नाही. पावतीवर भरलेली रक्कम छापलेली होतीच. आमच्याकडून घेतले त्याच्या पुढं ती रक्कम इतकी लहान होती की दादानं दोनदा वाचली. पोलीस एंट्री म्हणून जे पैसे घेतले त्याची तर पावतीच कुठं नाही.

बॉर्डर ओलांडून आलो तर त्या दुकानाचं शटर उघडंच होतं, पण खुर्चीवर दुसराच माणूस. "वो लडका तो काम छोड के चला गया, हमको कुछ नहीं मालूम." पोलीस चौकीत जाऊन दादानं लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पुढं काही झालेलं नाही, पण तक्रार द्यायची, कारण तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

आता बसनं जाणाऱ्यांसाठी, हे जास्त महत्त्वाचं. लुंबिनीत आम्हाला भंडारा जिल्ह्यातल्या बायकांचा एक ग्रुप भेटला. गोष्टी गोष्टीत एक आजी मावशीला म्हणाल्या, "आमच्या जवळून व्हिसाचे पैसे अलग घेतले ना जी, तुमचे किती लागले?" आम्ही थक्क झालो. त्यांच्या टूरवाल्यानं माणशी "बॉर्डर व्हिसा" म्हणून पैसे घेतले होते, भर बसमध्ये, बॉर्डर जवळ आल्यावर. भारतीयाला व्हिसाच नाही तर पैसे कशाचे? भंसार लागतं ते गाडीला लागतं, माणसाला नाही, आणि बसचं भंसार टूरच्या भाड्यात धरलेलंच असायला पाहिजे. शेतात मजुरी करणाऱ्या बायकांकडून, त्याही बुद्धाच्या जन्मस्थानी निघालेल्या, असे पैसे उकळणाऱ्याची मला आमच्या एजंटपेक्षाही जास्त चीड आली. आमच्याकडं निदान गाडी होती, दंड भरायला कार्ड होतं. त्या आजींनी परतीच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले होते.

त्यामुळं जाणार असाल तर सोनौलीच्या अलीकडं काच ठोकणाऱ्या कोणाशीही व्यवहार करू नका, सरळ गेट पार करून भंसारच्या काउंटरवर स्वतः उभे राहा, रांग असली तरी चालेल. आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, वोटर कार्ड किंवा पासपोर्ट ओरिजिनल स्वतःच्या हातात ठेवा, झेरॉक्स जास्तीच्या न्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं लेखी पत्र घेऊन जा. पावती हातात आली की काउंटर सोडायच्या आधी गाडीचा नंबर, दिवस किती आणि रक्कम किती हे मोठ्यानं वाचा, आणि शेवटची तारीख इंग्रजी महिन्यात कोणती ते तिथल्याच माणसाला विचारून पावतीवर पेनानं लिहून घ्या. मोबाईलमध्ये नेपाळी कॅलेंडरचं ॲप नागपुरातूनच टाकून न्या. एक दिवस जास्तीचा भरा, घाटात दरड पडली, गाडी बंद पडली तर तो एक दिवस कामी येतो. पैसे न्यायचे ते शंभरच्या नोटांत, आणि मोठ्या नोटांचा नियम बदलत असतो म्हणून निघायच्या आठवड्यात नवीन काय आहे ते बघून घ्या. २०२४ च्या मार्चपासून तिथल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआयही चालतं.

मावशीच्या विहारातल्या बायका येत्या थंडीत बसनं जाणार आहेत. मावशीनं त्यांना जमवून हे सगळं सांगितलं, मी सोबत होतो. टूरवाल्याचं कोटेशन मागवलं तर त्यात खाली बारीक अक्षरात "बॉर्डर शुल्क प्रति व्यक्ती, बॉर्डरवर रोख" अशी ओळ होतीच. त्याला फोन लावून विचारलं, हे शुल्क कोणत्या ऑफिसात भरणार आणि पावती कोणाच्या नावानं मिळणार. आधी म्हणाला सगळेच घेतात. मग म्हणाला बघून सांगतो. दोन दिवसांनी नवीन कोटेशन आलं, त्यात ती ओळ नव्हती आणि भाडं तेवढंच होतं.