वेगळा विविधता अधिकारी की निर्णय घेणाऱ्यांतच विविधता?

सार्वजनिक आरोग्य संस्थेत विविधता अधिकारी, म्हणजे सगळ्या समाजगटांना संधी मिळते का हे पाहणारा अधिकारी, नेमला की काम लवकर सुरू होतं. भरती, प्रशिक्षण, तक्रारी यांकडे रोज लक्ष राहतं. पण खर्चाच्या निर्णयात त्याला मत नसेल, तर अहवाल फायलीतच पडून राहतात.

दुसरी वाट संथ, तरी मला तीच पटते: संचालक मंडळातच वेगवेगळ्या समाजगटांतली माणसं आणायची. जगभरात आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया, वरिष्ठ पदांवर मात्र २५ टक्केच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मांडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत दफन पथकांना गावकरी विरोध करत होते. धर्मगुरूंशी बोलून सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. लोकांच्या रीती जाणणारी अशी माणसं निर्णयाच्या पहिल्या बैठकीपासून हवीत.