गळा ऐकण्याआधी तयार झालेली यादी: संगीताच्या पदवीसाठी घेतलेल्या एका मार्गदर्शन सेवेचा अनुभव

गेल्या वर्षी आमची मुलगी फोंड्यात बारावीत शिकत होती आणि पुढे संगीतातच पदवी घ्यायची, हे तिने केव्हाच ठरवून टाकले होते. अभियांत्रिकीचा प्रश्न असता तर चार शेजाऱ्यांनी आपणहून सल्ला दिला असता. गाण्याच्या बाबतीत मात्र जो तो ‘गळा छान आहे हो पोरीचा’ एवढे म्हणून मोकळा होत असे. म्हणून आम्ही पणजीतील एका खासगी प्रवेश-मार्गदर्शन सेवेकडे गेलो. शुल्क १८,००० रुपये होते आणि त्यात चार बैठका, महाविद्यालयांची यादी, अर्ज भरण्यास मदत आणि मुदतींची आठवण एवढ्या गोष्टी मिळणार होत्या. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण जी तक्रार मी पुढे मांडणार आहे ती त्यांनी बऱ्याच अंशी नंतर दूर केली.

पहिली बैठक तासभर चालली. समुपदेशक तरुण, नम्र आणि तयारीचे होते. त्यांनी दहावीचे गुण विचारले, अकरावीचे विचारले, घरचे उत्पन्न विचारले, वसतिगृहात राहण्याची तयारी आहे का ते विचारले आणि ‘संगीतातील पात्रता’ या रकान्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा उत्तीर्ण असल्याची नोंद केली. रकाना भरला गेला आणि संगीताचा विषय तेथेच संपला. मुलगी माझ्या शेजारी सुमारे साठ मिनिटे बसून होती. तिला कोणी एक सूरही लावायला सांगितले नाही. त्या वेळी ते मलाही खटकले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरी परतताना तीच बसमध्ये म्हणाली, ‘पपा, त्यांनी मी काय गाते तेच विचारलं नाही.’

आठवड्याने यादी आली. चौदा नावे होती आणि ती ‘ड्रीम’, ‘टार्गेट’ व ‘सेफ’ अशा तीन गटांत मांडलेली होती. पहिल्या गटात बॉस्टनचे बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक आणि लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक होती, दुसऱ्या गटात चेन्नईचे के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आणि दिल्लीतील काही महाविद्यालये होती, तर तिसऱ्या गटात पणजीच्या आल्तिनोवरील गोवा संगीत महाविद्यालय हे एकच नाव होते. कागद चकचकीत होता आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारी छापलेली होती. ती टक्केवारी म्हणजे प्रवेशाची शक्यता. ती कशावरून काढली, असे विचारल्यावर ‘प्रोफाइलवरून’ असे उत्तर मिळाले.

यादीतील कोणतीही संस्था वाईट नाही. चुकली होती ती त्यांची आमच्या मुलीशी घातलेली सांगड. बर्कली १९४५ साली सुरू झाले ते जॅझसाठी, आणि आजही त्याचा कणा जॅझ व समकालीन पाश्चात्त्य संगीत हाच आहे. लंडनची अकॅडमी १८२२ सालची, पाश्चात्त्य अभिजात संगीताची. गोव्यात ज्या मुलांनी लहानपणापासून व्हायोलिन किंवा पियानो शिकून लंडनच्या ट्रिनिटी परीक्षांच्या आठव्या ग्रेडपर्यंत मजल मारलेली असते, त्यांच्यासाठी ही नावे स्वप्नातली असली तरी त्यांच्याच वाटेवरची आहेत. आमची मुलगी ख्याल गाते, गावच्या जत्रेतील नाटकांत नाट्यपदे म्हणते, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी ही स्वप्नेही नव्हती; वाटच वेगळी होती. चौदापैकी किमान सहा नावे या एका कारणाने बाद होत होती आणि ते ओळखायला एक प्रश्न पुरला असता.

मी पत्र लिहून हरकत घेतली. सेवेने वाद घातला नाही, ही तिच्या जमेची बाजू. दुसऱ्या बैठकीला त्यांनी एका निवृत्त संगीतशिक्षकांना बोलावले. यापुढे मी त्यांना सर म्हणतो. माझ्या मते आम्ही भरलेल्या सगळ्या पैशांचे मोल त्या बैठकीत वसूल झाले.

सरांनी फाइल उघडलीच नाही. फोनवरचा तानपुरा काळी चार या पट्टीत लावला आणि ‘काहीही म्हण’ म्हणाले. मुलीने, अपेक्षेप्रमाणे, जत्रेत टाळ्या घेणारे एक नाट्यपद सुरू केले. अर्ध्या मिनिटात सरांनी हात वर केला. ‘पद नाका, बाय. राग म्हण.’ मग तिने भूप राग घेतला. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातील बंदिश ती सहज म्हणते, ती चांगली झाली. नंतर त्यांनी विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल मागितला आणि तेथे पोरगी दोनदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उशिरा आली. त्यांनी गाणे थांबवून तिला हाताने ताल धरायला आणि एकतालाचा ठेका तोंडाने म्हणायला सांगितले. ठाय, म्हणजे मूळ संथ, लयीत बारा मात्रा नीट झाल्या, पण दुप्पट वेगाच्या दुगुणीत ‘धागे तिरकिट’पाशी जीभ अडखळली आणि हात पुढे निघून गेला. शेवटी सरांनी स्वतः एक पलटा (सरावाची स्वररचना) म्हटला, त्यात मध्येच एक अवघड मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) घातली, आणि मुलीने तो जसाच्या तसा, मींडेसकट, पहिल्याच झटक्यात परत दिला. त्यांनी तो आणखी वाकडा केला. तिने तोही दिला. हे सगळे मिळून पाऊण तास चालले असेल.

त्यानंतर ते आमच्याकडे वळून जे बोलले ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले. कान उत्तम आहे, गळा तयार होतो आहे, लय कच्ची आहे. मध्यमा पूर्णचे प्रमाणपत्र खरे असले तरी परीक्षेत ठरलेले राग विचारतात आणि ती तयारी पाठ करून जाता येते. पदवीच्या प्रवेशचाचणीत बसलेले गुरू विलंबितात मुलाला पाच मिनिटे मोकळे सोडतात आणि त्या पाच मिनिटांत सगळे कळते. गावात जी वाहवा मिळते ती खोटी नसते, पण ती पदाला आणि वयाला मिळते. हे ऐकताना माझ्या पत्नीचा चेहरा उतरला होता. मुलीचा मात्र नाही. तिला आपली लय कच्ची आहे हे ठाऊक असावे.

यादी मग त्या पाऊण तासाच्या आधारे नव्याने झाली आणि ती चौदाची सहावर आली. सर म्हणाले, तीन गट ठेवा, पण ते महाविद्यालयाच्या नावलौकिकावरून पाडू नका. तुमच्या मुलीची आजची तयारी आणि चाचणीपर्यंत उरलेले महिने यांवरून पाडा. ज्या ठिकाणी चाचणीत तयारीवर अधिक भर असेल ती तिच्यासाठी लांबची, आणि ज्या ठिकाणी शिकवल्यावर किती उचलते हे पाहणारा गुरू समोर असेल ती बेताची. प्रत्येक ठिकाणी आणखी एक गोष्ट त्यांनी आम्हाला विचारायला लावली आणि ती आमच्या मूळ कागदावर कोठेही नव्हती: गायनाचा प्रत्यक्ष वर्ग कोण घेते, आठवड्यातून किती वेळ, आणि एका वेळी किती मुले समोर असतात. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्याच्या मातीतल्या, दोघींना जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली. कोण शिकवते हा प्रश्न आपल्याकडे पदवीपेक्षा बराच जुना आहे, असे ते हसत म्हणाले.

नव्या यादीत सर्वांत वर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र होते. १९८७ पासून चाललेले हे केंद्र गुरुकुल म्हणूनच ओळखले जाते, आणि विद्यापीठाची पदवी घेतानाही गुरूसमोर बसून शिकण्याला तेथे जागा आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संगीतशिक्षणाचे मूळ १८८६ साली गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या शाळेत आहे. तेही यादीत आले. बनारस हिंदू विद्यापीठ लांबच्या गटात राहिले, कारण तेथे संगीताच्या पदवीसाठीही सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि बारावीच्या अभ्यासात ती परीक्षा आणखी एक ओझे ठरली असती. तरी अर्ज करू, एवढे ठरले. छत्तीसगढमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे १९५६ सालचे आणि केवळ कलांसाठी उभारलेले विद्यापीठ, पण राजनांदगावला उतरून पुढे रस्त्याने जायचे म्हटल्यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. धारवाड आमच्या मनात आधीपासूनच होते. फोंड्याहून घाट चढला की काही तासांत पोहोचता येते आणि ख्यालगायनाचे वातावरण तेथे गावात आहे.

सहावे नाव गोवा संगीत महाविद्यालयाचे. मूळ यादीत ते ‘सेफ’ म्हणून सर्वांत खाली, जणू उरलेसुरले म्हणून होते, आणि मला वाटते की आपल्याकडच्या बहुतेक पालकांच्या मनातही त्याची जागा तीच आहे. सरांनी ते मधल्या गटात आणून ठेवले. त्यांचे कारण सरळ होते: मुलीच्या सध्याच्या बाई फोंड्यात आहेत, त्यांच्याकडे ती सहा वर्षे शिकते आहे, आणि आल्तिनोला शिकली तर बाईंची तालीम तुटत नाही. बाहेर गेली तर पहिले वर्ष नव्या गुरूची पद्धत समजून घेण्यातच जाईल, आणि कधी कधी तेच हवे असते, कधी नसते. हा निर्णय कागदावर होत नाही, तो बाईंना विचारून घ्या, असे त्यांनी सांगितले. सेवेच्या समुपदेशकांनी बाईंशी बोलण्याचा विचारच केला नव्हता. आम्ही बोललो, तेव्हा बाईंनी अगदी हेच सांगितले: विलंबित बसल्याशिवाय पुण्याला पाठवू नका, बसले तर मात्र अडवू नका.

कागदपत्रांच्या कामात ही सेवा खरोखर चांगली आहे आणि येथे मी हात आखडता घेणार नाही. गोवा बोर्डाचे मायग्रेशन सर्टिफिकेट राज्याबाहेरच्या विद्यापीठाला लागते, हे आम्हाला निकालानंतर कळले असते. त्यांनी ते आधीच सांगितले. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मंडळाच्या परीक्षांच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, प्रत्येक अर्जाची शेवटची तारीख आणि तिच्या दहा दिवस आधी येणारा फोन, यांतले काहीच चुकले नाही. दोन चाचण्या एकाच आठवड्यात येणार असल्याचेही त्यांनीच लक्षात आणून दिले आणि प्रवासाचा क्रम लावून दिला.

ध्वनिचित्रमुद्रणाच्या बाबतीत मात्र पुन्हा तीच चूक झाली. एका अर्जासोबत गायनाचे चित्रण जोडायचे होते, आणि सेवेच्या कार्यालयातील छोट्या स्टुडिओत ते ‘पॅकेजमध्ये’ करून मिळते. तेथल्या मुलाने आवाजाला प्रतिध्वनी चढवला, तानपुरा मागे ढकलला आणि समेवर जेथे मुलगी किंचित चुकली तेथे सफाईने जोड मारला. ऐकायला सुंदर होते. सरांनी ते पाहिले आणि परत पाठवले: चेहरा आणि ताल धरणारा हात दोन्ही दिसले पाहिजेत, एका दमात झालेले चित्रण हवे, आणि जोड मारलेला कोणत्याही अनुभवी गुरूला पहिल्या आवर्तनात ऐकू येतो, मग खऱ्या जागेवरही त्याचा विश्वास बसत नाही. शेवटी आम्ही ते बाईंच्या घरी, पंखा बंद करून, साध्या फोनवर केले. खिडकीतून मध्येच कावळा ओरडला आहे, तो तसाच राहिला.

शिष्यवृत्तीचा सल्ला अर्धवट मिळाला. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती महिना ५,००० रुपयांची आणि दोन वर्षांची आहे, आणि ती समुपदेशकांनी आमच्या खर्चाच्या तक्त्यात पहिल्या वर्षापासूनच धरली होती. तिची वयोमर्यादा १८ ते २५ आहे. आमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची मुलांसाठीची शिष्यवृत्ती १० ते १४ या वयात मागायची असते, म्हणजे ती संधी केव्हाच गेली होती, आणि तिच्याविषयी आम्हाला लहानपणी कोणीच सांगितले नव्हते. लहान वयात गाणाऱ्या किंवा तबला वाजवणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे आताच टिपून ठेवावे.

सहापैकी पाच ठिकाणी अर्ज केले, खैरागढ आमच्या घरच्या चर्चेतच मागे पडले. दोन ठिकाणांहून निवडीचे पत्र आले. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे विलंबित अजून पुरते बसले नव्हते, म्हणून मुलगी सध्या रोज सकाळी कदंबा बसने पणजीच्या गोवा संगीत महाविद्यालयात जाते आणि रविवारी बाईंकडे बसते. पुढे बाहेर जायचे की नाही हे पदवीनंतर पाहू.

या सेवेला पाचपैकी तीन गुण देतो. त्यातला एक कागदपत्रांसाठी आणि दोन सरांसाठी. हल्ली त्यांच्या माहितीपत्रकात ‘प्रत्यक्ष गायन-वादन ऐकून सल्ला’ असा वेगळा पर्याय दिसतो आणि त्याचे शुल्क ४,००० रुपये आहे. संगीताचा विद्यार्थी असेल तर आधी तेवढाच घ्यावा, यादी त्यानंतर मागावी, आणि स्टुडिओ नको म्हणून स्पष्ट सांगावे.